दूध संकलन प्रणाली: मागण्या लिहायच्या किती, आणि करून बघायच्या किती

सोमवार, २० नोव्हेंबर २०२३

दिवाळीचं फरक बिल (वर्षभर घातलेल्या दुधाच्या दरातला उरलेला फरक) वाटून झालं, तेव्हा कुठे संघाला आमच्या सॉफ्टवेअर टीमसाठी वेळ मिळाला. नगर जिल्ह्यातला दूध संघ, खाली शंभरावर गावांतली संकलन केंद्रं. सध्या प्रत्येक केंद्रावर वेगळं सॉफ्टवेअर किंवा नुसती वही. सगळ्यांना एकच प्रणाली द्यायची, एवढं काम. रक्कम ठरलेली, मुदत आठ महिने.

पहिल्याच बैठकीत पेच. निविदेत लिहिलंय की आधी आयईईई ८३० या मानक नमुन्यात संपूर्ण एसआरएस (सॉफ्टवेअरने काय काय करायचं याचा सविस्तर कागद) द्यायचा, संचालक मंडळाची सही-शिक्का घ्यायचा, मगच कोडिंग. (हे ८३० मानक २०११ मध्येच बाद होऊन २९१४८ आलं. निविदा कुठल्या तरी जुन्या निविदेवरून उतरवलेली दिसते. मी काही बोलले नाही.) आमच्या टेक लीडला, म्हणजे टीमच्या तांत्रिक प्रमुखाला, मात्र दोन आठवड्यांचे स्प्रिंट हवेत: थोडं करायचं, दाखवायचं, बदलायचं. तो म्हणाला, "दोनशे पानं लिहू, ते वाचणार नाहीत, सही करतील आणि मार्चमध्ये म्हणतील हे आम्हाला नकोच होतं."

संघाच्या मॅनेजर साहेबांचंही काही चूक नाही. मागच्या वेळी एका पुरवठादाराने "चालता चालता ठरवू" म्हणत वर्ष घालवलं. शेवटी कागदावर काहीच नसल्यामुळे भांडायलाही आधार उरला नाही.

बुधवार, २२ नोव्हेंबर

ऑफिसात दुपारभर वाद. दोन्ही बाजूंनी आपापली पोथी काढली.

टेक लीडचं म्हणणं, ॲजाइलमध्ये (थोडं थोडं करून बघत पुढे जायच्या पद्धतीत) कागद नकोच. २००१ च्या फेब्रुवारीत युटातल्या स्नोबर्डला १७ जणांनी मिळून लिहिलेल्या ॲजाइल जाहीरनाम्यातल्या त्या चार ओळी मी त्याला परत वाचायला लावल्या. विस्तृत कागदपत्रांपेक्षा चालतं सॉफ्टवेअर त्यांना जास्त मोलाचं वाटतं हे खरं. पण खालीच म्हटलंय की उजव्या बाजूच्या, म्हणजे कागदपत्रांसारख्या, गोष्टींनाही मोल आहे. ती ओळ लोक सोयीस्करपणे गिळतात.

दुसरीकडे आमचे ज्येष्ठ सल्लागार. त्यांना 'आधी सगळं लिहा, मग करा' हाच शिस्तीचा मार्ग वाटतो. त्यांना विन्स्टन रॉइस या सॉफ्टवेअरवाल्याच्या १९७० च्या लेखाची आठवण करून दिली. धबधब्यासारखी उतरत जाणारी ती आकृती त्यात आहे, पण या पद्धतीला पुढे चिकटलेला 'वॉटरफॉल' हा शब्द नाही. उलट रॉइसने लगेच पुढे म्हटलंय की हे असंच केलं तर धोका आहे. नवं काही करत असाल तर एकदा छोट्या प्रमाणावर करून बघा आणि गिऱ्हाइकाच्या हाती जाईल ती दुसरी आवृत्ती असू द्या, असा त्याचा सल्ला होता. पन्नासेक वर्षं लोक चित्र बघतायत, खालचा मजकूर नाही.

निष्पन्न काही झालं नाही. चहा तीनदा झाला. मी ठरवलं, आधी एका केंद्रावर पहाटे जाऊन उभं राहायचं.

बुधवार, २९ नोव्हेंबर

पहाटे ५:३०. थंडी कडाक्याची. पावणेसहाला रांग लागली: किटल्या, कॅन, दोन मोटरसायकली, एक सायकल. सचिव एकटे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात.

कामाची लय अशी. माणूस आपला कोड नंबर ओरडतो. अण्णा काट्यावरच्या भांड्यात दूध ओतून घेतात, डाव्या हाताने नमुना काढतात, ॲनालायझरच्या नळीखाली धरतात. यंत्र फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दाखवेपर्यंत पुढच्याचं वजन सुरू. म्हणजे एका वेळी दोन माणसं 'चालू' असतात: एकाचं वजन, दुसऱ्याचं फॅट. आमच्या टीमच्या डोक्यात जी स्क्रीन होती तिच्यात एका वेळी एकच नोंद उघडी राहत होती. दोनशे पानं लिहिली असती तरी हे त्यात आलं नसतं, कारण अण्णांना विचारलं तर ते सांगतात, "आधी वजन, मग फॅट, मग पावती." करतात वेगळंच.

की-बोर्डवर प्लास्टिकची पिशवी. बोटं दुधाने ओली. वापरात फक्त उजवीकडचे आकडे आणि एंटर. मी माऊसबद्दल विचारलं.

"मॅडम, माऊस धरायला तिसरा हात कुठंय?"

पावणेआठला टँकर आला. तोवर १,२०० किलोच्या आसपास दूध.

मंगळवार, ५ डिसेंबर

हिशोबाची बाजू संघाच्या अकाउंट्सकडून समजून घेतली. पूर्ण दिवस गेला, पण कामाचा गाभा इथेच आहे.

गाईच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला. त्याखाली प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, ३० पैसे कमी. वर गेलं तर जास्त. बिल दहा दिवसांचं: १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर. त्यातून पशुखाद्य, ॲडव्हान्स वगैरे कपाती.

दोन खड्डे सापडले.

पहिला, एसएनएफचं सूत्र. ज्या केंद्रांवर अजून लॅक्टोमीटर आहे तिथे सीएलआर (लॅक्टोमीटरचा दुरुस्त केलेला आकडा) भागिले चार, अधिक फॅटचा ठरावीक हिस्सा, अधिक एक स्थिर आकडा. हा स्थिर आकडा एका गटाच्या तक्त्यात ०.४४ आहे आणि दुसऱ्या गटाच्या तक्त्यात ०.३६. त्याच दुधाला दोन गावांत दोन दर. कुणी जाणूनबुजून केलेलं नाही. वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या माणसांनी तक्ते आणले.

दुसरा जास्त वाईट. काटा किलो दाखवतो, पैसे लिटरवर. दुधाची घनता साधारण १.०३, म्हणजे १,२०० किलो दूध १,१६५ लिटर. काही केंद्रं १.०३ ने भागतात, काही किलोलाच लिटर म्हणतात. २७ रुपये दराने एका केंद्राला एका पाळीत साडेनऊशे रुपयांच्या आसपास फरक.

संध्याकाळी टीमला मंगळाकडे निघालेल्या यानाची गोष्ट सांगितली. मार्स क्लायमेट ऑर्बिटर, सप्टेंबर १९९९. कंत्राटदाराचं सॉफ्टवेअर आवेगाचे आकडे पौंड-सेकंदात देत होतं, नासाची बाजू ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होती. यान गेलं. सल्लागार लगेच म्हणाले, "म्हणून लिहून ठेवावं लागतं." पण तिथे लिहिलेलं होतं. दोन प्रणालींमधल्या करारात मेट्रिक एकक स्पष्ट नमूद होतं. कोड त्याप्रमाणे चालतोय का हे शेवटपर्यंत कुणी पडताळून पाहिलं नाही.

शुक्रवार, ८ डिसेंबर

आज निर्णय घेतला. ॲजाइल की औपचारिक, हा प्रश्न अख्ख्या प्रकल्पाला विचारणंच बंद केलं. प्रत्येक भागाला दोन साधे प्रश्न विचारले. चूक झाली तर उद्या सकाळी गुपचूप दुरुस्त होते का, की पैसे वाटून झालेले असतात? आणि काय हवं ते समोरचा माणूस आधी सांगू शकतो का?

दर, किलो-लिटर, एसएनएफचं सूत्र, कपाती, बिल, बँकेची फाइल: हे सगळं लिहायचं, मंडळाची सही घ्यायची, सहीशिवाय कोड नाही. वजन-फॅटची स्क्रीन, कळांचा क्रम, पावतीची मांडणी, सचिवांचे रिपोर्ट: हे दोन-दोन आठवड्यांनी केंद्रावर नेऊन बदलत राहायचं. मॅनेजर साहेबांना सांगितलं, जाडजूड एसआरएस मिळेल, पण फक्त पैशाच्या भागाचा. ते म्हणाले, "पैशाचाच तर पाहिजे होता."

निविदेतल्या कलमाला बगल कशी द्यायची ते त्यांच्या वकिलांनी पाहिलं. एका पानाची पुरवणी.

सोमवार, १८ डिसेंबर

पहिली स्क्रीन केंद्रावर. पंचवीस मिनिटांत अण्णांनी उठून वही उघडली. कारण: प्रत्येक नोंदीला 'सकाळ/संध्याकाळ' निवडायचं होतं. घड्याळ सकाळचे सहा दाखवत असताना प्रणालीने पाळी विचारावी, हा खरंच वेडेपणा. 'गाय/म्हैस'ही विचारत होतो. सभासदाच्या कोडवरूनच ते कळतं, म्हशीच्या दुधाचा कोड वेगळाच असतो.

दोन्ही काढलं. दोन सभासद एकाच वेळी चालू ठेवायची सोय झाली. वजनाची ओळ वर, फॅटची खाली, मध्ये एंटर. काट्याची सिरीयल केबल थेट जोडल्यामुळे वजन हाताने टाकायला लागत नाही. अण्णा त्यावर खूश नाहीत, पण तो वेगळा विषय.

जाता जाता: बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, 'एक सचिव म्हणून मला अमुक हवं, जेणेकरून तमुक' या साच्यातल्या वाक्यांचं मराठी केलं होतं. अण्णांनी एक वाचलं आणि विचारलं, "हे कुणी बोललं?" त्या दिवसापासून कार्डावर सचिवांचं मूळ वाक्यच लिहितो. 'तिसरा हात कुठंय' हे कार्ड क्रमांक ४.

बुधवार, २७ डिसेंबर

दराच्या भागाचा मसुदा मंडळाच्या तिघांनी सही करून परत पाठवला. त्यात कलम होतं: 'फॅट व एसएनएफ योग्य प्रकारे राउंड करून दर काढला जाईल.' वाक्य माझंच. तिघांनीही सही केली. 'योग्य' म्हणजे काय, कुणीच विचारलं नाही. मीही लिहिताना थांबले नव्हते.

हे उघडं पडलं ते नमुना तक्त्यात. कलमांबरोबर सोडवलेल्या उदाहरणांचा तक्ता जोडायचा असं ठरलं होतं: इतकं फॅट, इतकं एसएनएफ, इतका दर. ओळ क्र. ७ मध्ये ॲनालायझरचा खराखुरा आकडा टाकला: फॅट ३.४८, एसएनएफ ८.३६, मूळ दर २७.

अकाउंट्सने उत्तर दिलं २६.१०. माझ्या कागदावर २६.७०.

त्यांच्याकडे दुसरा दशांश कापतात: ३.४८ चं ३.४, ८.३६ चं ८.३. तीन पॉइंट गेले, ९० पैसे. जवळच्या पॉइंटला नेलं तर ३.५ आणि ८.४, एकच पॉइंट, ३० पैसे. लिटरमागे ६० पैशांचा फरक, आणि दोघंही 'योग्य प्रकारे'च करतोय.

हिशोब केला. दुसरा दशांश ५ ते ९ असेल तेव्हा कापण्याने एक पॉइंट जातो, म्हणजे साधारण निम्म्या नमुन्यांत. ३० पैशांचे निम्मे १५, फॅटचे १५ आणि एसएनएफचे १५, मिळून लिटरला ३० पैसे. बाराशे लिटरच्या केंद्रात एका पाळीचे ३६० रुपये. जुनं यंत्र एकच दशांश दाखवायचं तेव्हा हा प्रश्नच नव्हता. नवं यंत्र दोन दशांश दाखवायला लागलं आणि कुणीतरी गुपचूप कापायला सुरुवात केली.

हे मी ठरवू शकत नाही, टेक लीडही नाही. मंडळाकडे पाठवलं. स्प्रिंट अडकला, अडकू दे.

शनिवार, ६ जानेवारी २०२४

दोन बातम्या.

मंडळाने ठरवलं: जवळच्या पॉइंटला. एका संचालकाने विचारलं म्हणे, "आपला टँकर पुढं जातो तिथं आपल्याला राउंड करून देतात. मग गावाला का कापायचं?" यावर उत्तर नव्हतं. 'योग्य प्रकारे' हे शब्द कागदातून काढले. तक्त्यात आता ३६ ओळी आहेत आणि त्या जशाच्या तशा रोज रात्री कोडवर चालवल्या जातात. एक जरी ओळ चुकली तरी सकाळी टेक लीडच्या फोनवर लाल संदेश. तो आता कागदाला नावं ठेवत नाही, कारण त्याच्या लेखी तो कागद राहिलेला नाही, टेस्ट झालाय.

दुसरी बातमी सरकारकडून. अधिवेशनात जाहीर झालेलं गाईच्या दुधाचं लिटरला ५ रुपये अनुदान आता प्रत्यक्षात येतंय, ११ जानेवारीपासून. संघाने ३.५/८.५ ला किमान २७ रुपये शेतकऱ्याच्या बँक खात्यात द्यायचे, मग अनुदान थेट खात्यावर. शिवाय गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा (टॅगचा) बारा आकडी नंबर पाहिजे.

आमच्या सही-शिक्क्याच्या कागदात गाय नावाची गोष्टच नाही. सभासद आहे, दूध आहे, गाय नाही.

शुक्रवार, १२ जानेवारी

आठवडाभर आमचं गणित उलटं फिरलं. शासन निर्णयाइतका औपचारिक कागद दुसरा नाही. म्हणून तो भाग 'लिहून मग करायचा' डब्यात टाकला होता. पण रोज नवा खुलासा. चार गायींचं दूध एकाच किटलीत येतं, मग टॅगवार लिटर कसे द्यायचे? मार्ग काढला: संकलन गायीवार होत नाही, टॅग सभासदाला जोडायचे. खाते पत्नीच्या नावावर, कोड नवऱ्याच्या नावावर, त्याचं काय? यावर अजून उत्तर नाही.

थोडक्यात, इथे पैसेही आहेत आणि अनिश्चितताही. माझे ८ डिसेंबरचे दोन प्रश्न या भागाला दोन उलट उत्तरं देतात. शेवटी असं केलं: नियम कोडमध्ये न ठेवता तक्त्यात ठेवले, प्रत्येकाला 'लागू तारीख' आणि 'बंद तारीख'. नियम रोज बदलू दे, पण बदलताना तक्त्यात नमुन्याची ओळ जोडल्याशिवाय आणि अकाउंट्सने त्यावर सही केल्याशिवाय तो लागू होत नाही. पाच मिनिटांचं काम. कागद आहे, फक्त एका ओळीचा.

मंगळवार, २३ जानेवारी

दोन केंद्रांवर ११ ते २० चं बिल वहीशी ताडून पाहिलं. सात सभासदांचं जुळलं नाही. पाच ठिकाणी वही चुकली होती, दोन ठिकाणी आम्ही. दुरुस्त.

पण आजचा गोंधळ बिलाचा नाही, पावतीचा. मागच्या स्प्रिंटमध्ये पावती 'सुधारली' होती. वापरकर्त्याला महत्त्वाचं ते आधी, म्हणून कोडनंतर लगेच रक्कम, मग लिटर, मग फॅट. डेमोत मॅनेजर साहेबांनी मान डोलावली. काल सकाळपासून नवी पावती केंद्रावर.

एक आजी आल्या, साडेसहा लिटरच्या आत-बाहेर दूध घालणाऱ्या. पावती अण्णांपुढे धरून म्हणाल्या, "अण्णा, माझ्या गाईला म्हशीचं फॅट लागलं का रं? सहा पॉइंट चार?"

त्यांना वाचता येत नाही, आकडे ओळखता येतात. वर्षानुवर्षं तिसरा आकडा फॅट. आता तिथे लिटर आले होते. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या एकाचं दूध अडीच लिटर, त्याला वाटलं फॅट अडीच लागलं आणि तो यंत्र खोटं म्हणून भांडायला उठला. पाऊण तास रांग थांबली. टँकर उशिरा सुटला.

पावतीची मांडणी मी 'करून बघू' डब्यात टाकली होती, स्क्रीनची भावंडं समजून. पण स्क्रीन अण्णा बघतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. पावती घरी जाते, डब्यात राहते, दहा दिवसांनी बिलाशी पडताळली जाते. आजींकडे दुसरा पुरावा नाही. आणि डेमोला आम्ही 'ग्राहक' म्हणून ज्यांना बसवत होतो त्यांनी आयुष्यात कधी दूध घालून पावती घेतलेली नाही. मॅनेजर पैसे देणारे, अण्णा वापरणारे, आजी भोगणाऱ्या. तिघांना आम्ही एकाच खुर्चीत बसवलं होतं.

पावतीचा जुना क्रम दुपारी परत. मांडणी लिहिण्याच्या डब्यात गेली, आकडे कुठल्या क्रमाने हे आता कलम २१. बदलायचं असेल तर आधी गावच्या मासिक सभेत सांगायचं.

डेव्हलपरला वाईट वाटलं. त्याला आजींचं वाक्य कार्डावर लिहून दिलं.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

अनुदानाला १० मार्चपर्यंत मुदतवाढ. तक्त्यात एक बंद तारीख बदलली, एक ओळ, एक सही. अकरा मिनिटं, टेक लीडने घड्याळ लावलं होतं.

टॅगची नोंदणी मात्र रखडलीय. कित्येक गायींच्या कानात बिल्लेच नाहीत. हे सॉफ्टवेअरने सुटणारं नाही, पशुवैद्यकीय दवाखान्याच्या हातातलं आहे.

बुधवार, ६ मार्च

चाळीस केंद्रं चालू. स्क्रीनची नववी आवृत्ती. अण्णांच्या हातून एका सभासदाला आता सरासरी वीसेक सेकंद लागतात. विशेष काही नाही.

मंगळवार, २ जुलै

१ जुलैपासून किमान दर ३० रुपये, अनुदान ५. संघाचा दर तक्त्यात काल रात्री नऊला बदलला. पण तोवर १ तारखेच्या दोन्ही पाळ्या जुन्या दराने होऊन पावत्या घरोघरी गेलेल्या.

डेव्हलपर म्हणाला, नोंदी नव्या दराने परत काढू, एक आज्ञा आहे. मी थांबवलं. काढल्या तर प्रणालीतली रक्कम आजींच्या डब्यातल्या पावतीशी जुळणार नाही. जुनी नोंद तशीच ठेवून बिलात 'दरफरक' अशी वेगळी ओळ येईल. फरक हा शब्द गावात कुणाला समजावावा लागत नाही.

नमुना तक्त्यात ओळ क्र. ५२ जोडली: १ जुलै, सकाळ, ६.४ लिटर, ३.५/८.५, पावतीवर २७ ने १७२.८०, बिलात दरफरक १९.२०. अकाउंट्सची सही झाली. पण या ओळीवर एका सचिवाचीही सही घ्यावी असं वाटलं, कारण बिल वाटताना प्रश्न त्यांनाच येणार. अण्णा फोनवर म्हणाले, "बरोबर आहे ताई, करून टाका." म्हटलं, फोनवर नको. उद्या सकाळच्या टँकरच्या ड्रायव्हरकडे कागद देतायत.